एकास पस्तीस : रणगाड्यांच्या प्रतिकृतींची गोष्ट

रणगाड्यांच्या प्लास्टिकच्या प्रतिकृतींमध्ये आज जगभर १:३५ हे प्रमाण रूढ आहे. ते आले जपानमधल्या शिझुओका शहरातून. योशिओ तामिया यांनी १९४६ साली तिथे लाकडाची गिरणी काढली आणि पुढे लाकडी प्रतिकृतीही बनवायला घेतल्या. १९५१ च्या आगीत लाकडाचा साठा खाक झाला. १९५३ मध्ये लाकडाचा व्यापार कायमचा थांबला आणि प्रतिकृती हाच व्यवसाय उरला. परदेशी प्लास्टिक संचांपुढे लाकडाचा टिकाव लागेना, म्हणून १९६० मध्ये ‘यामातो’ युद्धनौका प्लास्टिकमध्ये काढली. ती तोट्यात गेली.

कंपनीला सावरले ते जर्मन पँथर रणगाड्याने. शिगेरू कोमात्सुझाकी यांचे जोशपूर्ण चित्र खोक्यावर होते आणि आतल्या मोटरवर रणगाडा चालत असे. त्याचा आकार ठरला तो मोटर आणि दोन सेल मावतील एवढा. इतर देशांचे रणगाडे त्याच मापात काढायचे ठरल्यावर संस्थापकांचे पुत्र शुनसाकू यांनी पँथर मोजला. प्रमाण साधारण एकास पस्तीस निघाले. जवळपास सात मीटर लांबीचा सांगाडा त्यात वीस सेंटिमीटरांत बसतो.

मोटरच्या सोयीसाठी या संचांच्या तळाला भोके असत. १९६८ मध्ये सैनिकांच्या आकृत्यांची मालिका सुरू झाली, तसा भर चालण्यापेक्षा दिसण्यावर आला. हा बदल फार मोलाचा होता, कारण त्यामुळे खेळण्याला इतिहासाच्या अभ्यासाची जोड मिळाली. अमेरिकेत प्रतिकृतीकार शेप पेन यांनी मोनोग्राम कंपनीच्या संचांसोबतच्या माहितीपत्रकांतून प्रसंगचित्रे उभारण्याचे तंत्र घरोघरी पोचवले.

रंगकामाची रीतही याच काळात पक्की होत गेली. मूळ रंग वाळला की पातळ केलेला गडद रंग सांध्यांत आणि रिव्हेटांभोवती उतरू देतात. मग जवळजवळ कोरडा केलेला ब्रश उंचवट्यांवरून हलकेच फिरवतात; कडा उजळतात आणि पोलाद झिजल्यासारखे दिसते.

छटा निवडताना मात्र कागदपत्रे आणि जुनी छायाचित्रे पाहावी लागतात. फेब्रुवारी १९४३ पासून जर्मन रणगाड्यांचा मूळ रंग गडद पिवळा झाला. हिरवा आणि तांबूस तपकिरी रंग घट्ट लगद्याच्या रूपात तुकड्यांकडे जाई. सैनिक त्यात पाणी किंवा पेट्रोल घालून पट्टे मारत. साहजिकच एकाच बनावटीच्या दोन रणगाड्यांचे पट्टे जुळत नसत. चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून चिलखतावर झिमेरिट नावाचा खरबरीत लेपही दिला जाई. प्रतिकृतीवर तो पुट्टीचा पातळ थर देऊन, ओला असतानाच बारीक पेचकसाच्या टोकाने दाबून उमटवतात. पण हा लेप १९४३ च्या उत्तरार्धात आला आणि सप्टेंबर १९४४ मध्ये बंद झाला. त्यामुळे जुलै १९४३ च्या कुर्स्क लढाईतल्या पँथरवर तो दाखवला, तर काम कितीही सुबक असले तरी प्रतिकृती चुकलेलीच.