ग्रंथालय आणि प्रश्न विचारण्याची विद्या

अमरावतीहून परतवाड्याकडे जाणाऱ्या सडकेवर, पेढी नदीच्या काठी, वलगाव हे गाव आहे. वऱ्हाडाबाहेरील वाचकांस त्याची ओळख असलीच तर ती एका घटनेमुळे असावयाची. २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेमहाराजांस अमरावतीकडे नेले जात असता, ह्याच गावाजवळ पेढीच्या तीरी त्यांचा देहान्त झाला. १८७६ साली ह्याच जिल्ह्यातील शेंडगावी परिटाच्या घरी जन्मलेल्या ह्या पुरुषास लिहिता-वाचता येत नव्हते. तथापि १ मे १९८३ रोजी नागपूर विद्यापीठापासून वेगळे होऊन अमरावतीस जे विद्यापीठ स्थापन झाले, त्यास पुढे त्यांचेच नाव देण्यात आले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम ह्या पाच जिल्ह्यांतील महाविद्यालये आज त्याच्या छत्राखाली आहेत. आणखी एक योग असा की, ह्या विद्यापीठाच्या ग्रंथालयास डॉ. श्रीकांत जिचकार ह्यांचे नाव आहे. पदव्यांच्या संख्येबद्दल व प्रचंड खासगी ग्रंथसंग्रहाबद्दल ज्यांची ख्याती झाली, असे हे नागपूरचे गृहस्थ. विद्यापीठ निरक्षर संताच्या नावाचे आणि त्यातील ग्रंथालय पदव्यांच्या धन्याच्या नावाचे, ह्या जोडीकडे पाहिले म्हणजे एक प्रश्न मनात उभा राहतो. वलगावसारख्या गावाहून येणारा, ज्याच्या घरी पाठ्यपुस्तकाव्यतिरिक्त पुस्तक नाही, असा विद्यार्थी ह्या दोन टोकांमधील अंतर कसे काटणार? आणि त्या प्रवासात ग्रंथालय त्यास काय साहाय्य करणार?

पुस्तके मिळवून देणे एवढेच ते साहाय्य असते, तर प्रश्न पैशाचा व कपाटांचा उरला असता. आमच्या मते तो तसा नाही. पुस्तक हाती आले म्हणजे वाचावयास येतेच असे नव्हे. काय शोधावे, सापडलेल्यांपैकी कशावर भरवसा ठेवावा, टिपण कसे घ्यावे, दुसऱ्याचे मत दुसऱ्याच्या नावे कसे नोंदावे आणि अखेर आपले म्हणणे आपल्या शब्दांत कसे मांडावे, ही एक स्वतंत्र विद्या आहे. ती कोणी शिकवावयाची, हे आमच्या विद्यापीठांच्या इतिहासात दीर्घकाळ ठरलेलेच नव्हते. त्या इतिहासाकडे एकवार दृष्टी टाकिली असता आजचे कर्तव्य अधिक स्पष्ट होईल.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले ते परीक्षा घेणारी संस्था म्हणून. शिकविण्याचे काम महाविद्यालयांचे. विद्यापीठाने प्रश्नपत्रिका काढावयाच्या आणि पदव्या द्यावयाच्या. १८६४ साली प्रेमचंद रायचंद ह्यांनी विद्यापीठास ग्रंथालयासाठी २ लक्ष रुपये दिले, त्याच वर्षी मनोऱ्यासाठी आणखी २ लक्ष दिले, आणि आपल्या मातोश्रींच्या नावे राजाबाई टॉवर उभा केला. वास्तू अप्रतिम झाली यात संशय नाही. परंतु ज्या विद्यापीठाजवळ स्वतःचे विद्यार्थी शिकविण्यासाठी नव्हते, त्याच्या ग्रंथालयाने कोणास काय शिकवावे? मुंबई विद्यापीठाचा अर्थशास्त्र व समाजशास्त्राचा स्वतःचा विभाग सुरू झाला तो १९१९ साली. तोपर्यंत विद्यार्थ्याची गरज परीक्षेपुरती होती, आणि ती नेमलेल्या पुस्तकांनी व त्यांवरील टीपांनी भागत असे. १९१७ ते १९१९ ह्या काळात सॅडलर ह्यांच्या अध्यक्षतेखाली कलकत्ता विद्यापीठाची चौकशी करणाऱ्या आयोगाने नेमके ह्याच वैगुण्यावर बोट ठेविले. विद्यार्थ्याच्या शिक्षणात ग्रंथालयास अतिशय गौण स्थान आहे, हा त्या व्यवस्थेचा मोठा दोष होय, असा त्याचा अभिप्राय पडला. १९२३ साली नागपूर विद्यापीठ स्थापन झाले व त्याच वर्षी अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज उघडले. वऱ्हाडच्या मुलांस उच्च शिक्षणाची वाट जवळ आली. पण परीक्षाप्रधान शिक्षणाचा वारसाही तिच्याबरोबरच आला.

ह्याच्या उलट दिशेने जाणारा प्रवाह विद्यापीठांबाहेर उगम पावला होता. गाडगेमहाराज जन्मले त्याच १८७६ साली अमेरिकेतील वुस्टर येथील ग्रंथपाल सॅम्युएल ग्रीन ह्यांनी असा विचार मांडिला की, ग्रंथपालाने वाचकाशी प्रत्यक्ष बोलावे, त्याची अडचण समजून घ्यावी आणि तिला उपयोगी पडेल असा ग्रंथ त्याच्यापुढे ठेवावा. आज ही गोष्ट साधी वाटते. पण ग्रंथपाल म्हणजे कुलपांचा रखवालदार, ही समजूत जेथे रूढ होती तेथे ती क्रांतिकारकच होती. नाशिक जिल्ह्यातील कौळाणे गावी जन्मलेले सयाजीराव गायकवाड ह्यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणविले. तेथे ग्रंथालयांचे जाळे पसरले, फिरत्या पेट्यांतून पुस्तके खेडोपाडी गेली आणि ग्रंथपालांच्या शिक्षणाचा वर्गही निघाला. पुस्तकाबरोबर ते हाताळावयास शिकविणारा माणूसही तयार करावा लागतो, हे बडोद्याने ओळखिले होते.

विद्यापीठाच्या आवारात हा विचार आणण्याचे श्रेय रंगनाथन् ह्यांस आहे. गणिताचे हे अध्यापक १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि लंडनला जाऊन त्या विद्येचे शिक्षण घेऊन आले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे प्रसिद्ध केली. ग्रंथ वापरासाठी आहेत. प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ व प्रत्येक ग्रंथास त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाचावा. आणि ग्रंथालय हे वाढते शरीर आहे, असा त्यांचा थोडक्यात आशय. ह्यांत वाचकास शिकवावे असे उघड शब्दांत कोठे दिसत नाही. तथापि दुसरे व तिसरे सूत्र खरे करावयाचे तर वाचक आणि ग्रंथ ह्यांच्यामध्ये कोणीतरी जाणता उभा राहिला पाहिजे, हे त्यांतून आपोआपच निष्पन्न होते.

असा जाणता मनुष्य नसेल तर काय होते, ह्याचे उत्तर असामान्य पुरुषांच्या चरित्रात शोधून उपयोग नाही. डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठाच्या व ब्रिटिश म्यूझियमच्या ग्रंथालयांत अहोरात्र वाचन करून मोठे झाले. ज्यांचे शालेय शिक्षण अमरावतीस झाले ते ज्ञानकोशकार केतकर कॉर्नेल विद्यापीठात जाऊन आले आणि त्यांनी २३ खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश मराठी वाचकांच्या हाती दिला. ही माणसे कोठेही मार्ग काढतीच. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, ह्या दोघांसही जो मार्ग परदेशी सापडला तो इतरांस घरी सापडावा म्हणून त्यांनी कष्ट केले. आंबेडकरांनी १९४६ साली मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय काढिले. त्यांच्याच पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन गाडगेमहाराजांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा केली. वाचता न येणाऱ्याने वाचणाऱ्यांच्या संस्थेस घर द्यावे, यात त्याची शिक्षणावरील श्रद्धा दिसते. ती श्रद्धा सार्थ करण्याचे काम मागाहून येणाऱ्यांवर राहिले.

आता ह्या विद्येचे स्वरूप काय, ते वऱ्हाडच्याच एका उदाहरणाने सांगतो. इतिहासाच्या विद्यार्थ्यास 'वऱ्हाड इंग्रजांकडे कसे गेले' ह्या विषयावर निबंध लिहावयाचा आहे असे समजा. पाठ्यपुस्तकात त्यास चार ओळी मिळतील: १८५३ च्या तहाने निजामाने कंटिन्जंट फौजेच्या खर्चासाठी व थकलेल्या कर्जापोटी वऱ्हाड कंपनीकडे लावून दिले, आणि १९०२ साली कर्झनच्या कारकीर्दीत वार्षिक २५ लक्ष रुपयांवर ते कायमच्या पट्ट्याने घेतले गेले. ह्या ओळी उतरवून काढिल्या म्हणजे निबंध झाला, असे त्यास वाटते. कारण त्याहून वेगळे काही त्यास कोणी दाखविलेले नसते. ग्रंथालयातील जाणता मनुष्य त्याच्यापुढे दोन पुस्तके ठेवील. एक, १८७० साली प्रसिद्ध झालेले लायल ह्यांचे वऱ्हाडचे गॅझेटियर. दुसरे, १९२४ साली निघालेला यादव माधव काळे ह्यांचा 'वऱ्हाडचा इतिहास'. मग तो विचारील: पहिला लेखक कोण होता? वऱ्हाडचा कारभार पाहणाऱ्या सरकारचा अधिकारी. तो कोणासाठी लिहीत होता? दुसऱ्याने अर्ध्या शतकानंतर, मराठीत, येथील वाचकांसाठी लिहिले. तेव्हा त्याची दृष्टी कोठे निराळी पडते? कर्ज खरोखर किती होते आणि ते कोणाच्या हिशेबाने? तहाचा मूळ मसुदा कोठे छापिला आहे? एवढे प्रश्न विचारून झाले म्हणजे विद्यार्थी पाठ्यपुस्तकाकडे परत येतो तो निराळा होऊन येतो. त्याच चार ओळी त्यास आता कोणाचे तरी विधान म्हणून दिसू लागतात. एका दुपारच्या अवधीत हे घडू शकते, आणि त्यास फार मोठा ग्रंथसंग्रहही लागत नाही.

हे काम वर्षारंभीच्या एका व्याख्यानाने उरकता येते, अशी मात्र कोणी समजूत करून घेऊ नये. अमेरिकेत वेन विद्यापीठाच्या मॉन्टीथ महाविद्यालयात १९६० ते १९६२ ह्या काळात पॅट्रिशिया नॅप ह्यांनी जो प्रयोग केला, त्यात ग्रंथालयाचा वापर हा विषयाच्या अभ्यासातच गोवला होता. प्राध्यापक व ग्रंथपाल ह्यांनी मिळून विद्यार्थ्यांस काम नेमून द्यावयाचे, अशी त्याची रचना होती. त्यातील मर्म आम्हांस आजही ग्राह्य वाटते. खऱ्या निबंधाची निकड असताना शिकलेली शोधण्याची रीत अंगवळणी पडते. निकडीवाचून ऐकलेली रीत दाराबाहेर पडताच विस्मृत होते. म्हणून ह्या कामाचा भार एकट्या ग्रंथपालावर टाकून प्राध्यापकवर्गास मोकळे होता यावयाचे नाही. आम्ही वर्गात तयार टीपा सांगावयाच्या आणि मुले ग्रंथालयात जात नाहीत म्हणून खेद करावयाचा, हे एकमेकांशी जुळत नाही.

ह्या विषयास अलीकडे एक गंभीर वळण लागले आहे, त्याचा विचार केल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. २००९ च्या नियमांनी विद्यापीठ अनुदान मंडळाने पीएच्.डी.च्या प्रबंधांची संगणकीय प्रत देणे आवश्यक केले, आणि 'शोधगंगा' ह्या संग्रहातून देशभरचे प्रबंध कोणासही वाचावयास खुले झाले. उसनवारी त्यामुळे उघडी पडू लागली. २०१८ च्या नियमांनी वाङ्मयचौर्यास मोजमाप लाविले: १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही, १० ते ४० टक्के असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारलेला प्रबंध द्यावयाचा, ४० ते ६० पर्यंत एक वर्ष बंदी, त्यापुढे नोंदणीच रद्द. चोरीस शासन हवे, याविषयी दुमत नाही. परंतु आमचा आक्षेप क्रमाविषयी आहे. ज्या मुलाने शाळेपासून पदवीपर्यंत उत्तरे उतरवूनच गुण मिळविले, ज्यास अवतरण म्हणजे काय आणि आधार कसा नमूद करावा हे कोणी एकदाही दाखविले नाही, त्यास पंचविशीत अकस्मात यंत्रासमोर उभे करून टक्के मोजणे हा न्याय एकांगी आहे. त्याच नियमांत विद्यार्थ्यांस ह्या बाबतीत शिक्षण द्यावे असेही सांगितलेले आहे, आणि २०१९ अखेर पीएच्.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी संशोधननीतीचा अभ्यासक्रमही आवश्यक ठरला. पण संशोधनाच्या उंबरठ्यावर दिलेले हे शिक्षण फार उशिराचे. ते पदवीच्या पहिल्या वर्षी, गावच्या महाविद्यालयाच्या लहानशा ग्रंथालयात, मराठीतून मिळावयास हवे.

२०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने विद्यापीठाच्या ग्रंथालयास 'ज्ञानस्रोत केंद्र' असे नाव दिले. नावाविषयी आमची तक्रार नाही. स्रोत गावापर्यंत पोहोचतो की नाही, एवढेच पाहावयाचे. केंद्रात कितीही संगणक व नियतकालिके आली, तरी पाच जिल्ह्यांतील महाविद्यालयांत जर ग्रंथपालाची जागा रिकामी असेल, अथवा तो दिवसभर पुस्तकांची देवघेव नोंदण्यातच गुंतलेला असेल, तर वलगावच्या मुलास त्याचा लाभ कसा व्हावा? पुस्तकांसाठी अनुदान मागताना आमच्या संस्था जेवढा आग्रह धरितात, तेवढाच ह्या माणसासाठी धरतील तर पुष्कळ साधेल.

आणि शिकविण्याची रीत कोणती, म्हणून कोणी विचारील, तर ती ह्या भूमीत अपरिचित नाही. ज्यांनी गाडगेमहाराजांची कीर्तने ऐकली त्यांनी ती रीत लिहून ठेविली आहे, आणि ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईस वांद्र्याच्या पोलीस ठाण्याजवळ झालेल्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण आजही ऐकावयास मिळते. महाराज वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांस प्रश्न विचारीत. श्रोते उत्तर देत. त्या उत्तरातूनच ते पुढचा प्रश्न काढीत, आणि होता होता श्रोत्याची जुनी समजूत त्याच्याच तोंडून खोटी ठरे. घरची भांडी मोडावी लागली तरी बेहत्तर, पण मुलास शिकवा, हा उपदेशही त्यांनी असाच लोकांच्या गळी उतरविला. त्या उपदेशास मान देऊन ज्यांनी पोटास चिमटा घेतला, अशा आईबापांची मुले आज विद्यापीठाच्या दारी आहेत. त्यांच्या हाती नुसते पुस्तक न देता, पुस्तकास प्रश्न विचारण्याचे धैर्य व रीत ही दोन्ही देणे, हे त्या नावाच्या विद्यापीठाचे, त्याच्या ग्रंथालयाचे आणि आम्हां अध्यापकांचे देणे आहे. ते फेडण्याचा आरंभ प्रत्येक महाविद्यालयास येत्या सत्रात एका वर्गापासून व एका निबंधापासून करता येईल.