थेंब तेवढाच राहतो

फोटो जितका मोठा छापावा तितका तो बिघडतो, ही समजूत डार्करूममधली आहे आणि तिथे ती खरीही होती. एन्लार्जर वर सरकवला की चित्राबरोबर निगेटिव्हमधले दाणेही मोठे होत. इंकजेटने हे नाते तोडले. पोस्टकार्डावर शाईचा जेवढा थेंब पडतो तेवढाच तो भिंतभर कागदावरही पडतो. पसरतात ते फाइलमधले पिक्सेल. त्यामुळे मोठ्या प्रिंटमध्ये दिसणारा दोष बहुतेक वेळा छपाईचा नसून टिपलेल्या चित्राचा असतो, असे मला ठामपणे वाटते.

या तंत्राचा इतिहास पाहा. गायक ग्रॅहम नॅश यांनी 1991 मध्ये कॅलिफोर्नियात ‘नॅश एडिशन्स’ हा छापखाना काढला तो आयरिस प्रिंटरच्या बळावर. हे यंत्र मुळात छपाईपूर्व प्रुफांसाठी बनवलेले, इंचाला जेमतेम 300 ठिपके टाकणारे. पण प्रत्येक ठिपक्यातली शाई कमीजास्त करता येई, त्यामुळे छटा सलग उतरत आणि जाड कागदावरच्या मोठ्या प्रिंट पाहण्यासारख्या होत. त्या रंगांचे खरे दुखणे आकाराचे नव्हते, उजेडाने फिके पडण्याचे होते. 1994 मध्ये एप्सनच्या स्टायलस कलरने इंचाला 720 ठिपके घरच्या टेबलावर आणले. कॅमेरा मात्र मागेच होता. 1999 च्या निकॉन डी1 ची फाइल 2000 गुणिले 1312 पिक्सेलची. इंचाला 300 पिक्सेल धरले तर प्रिंट पुरते सात इंचही भरत नाही. 2002 च्या कॅनन 1डीएसने हीच मर्यादा साडेतेरा इंचांवर नेली.

हा 300 चा आकडाही ऑफसेटच्या जाळीतून आलेला, इंचाला 150 रेघा आणि रेघेला दोन पिक्सेल या हिशेबाचा. निरोगी डोळ्याला 25 सेंटिमीटरवरून सुमारे 0.07 मिलिमीटरचे अंतर वेगळे दिसते; दुप्पट लांबून पाहिले तर निम्मे पिक्सेल पुरतात. यावर कोणी म्हणेल, प्रदर्शनात माणूस लांब उभा राहतोच कुठे? तो जवळ जाऊन पापणीचा केस शोधतो. हा आक्षेप मला मान्य आहे. पण सॉफ्टवेअरने पिक्सेल भरले तर कडा गुळगुळीत होतात, न टिपलेला केस उगवत नाही, म्हणजे उणीव पुन्हा फाइलचीच ठरते. मग लहान प्रिंट निर्धोक मानावी का? तेही नाही. त्या 1डीएसच्या फाइलचे रुंदीतले 4064 पिक्सेल चार इंचांत कोंबले की इंचाला हजारावर होतात, आणि एक छटा उभी करायला अनेक थेंब लागत असल्याने झाडाची पाने एकमेकांत मिसळून जातात. वर चूकही झाकली जाते: हात तीन पिक्सेलभर हलला असेल तर या चार इंची कार्डावर तो 0.08 मिलिमीटरही भरत नाही, डोळ्याच्या अगदी सीमेवर राहतो. तीच फाइल चाळीस इंचांवर छापली की हलणे पाऊण मिलिमीटरचे होते. थेंब दोन्हीकडे सारखाच असतो.