शाश्वत विकासाचे एमए आणि १९४२ चे निवेदन



काही दिवसांपूर्वी मराठवाड्यातल्या एका कार्यकर्त्या मुलाचा फोन आला. बी.एस्सी. झालेला, घरातला पहिलाच पदवीधर. त्याला 'सस्टेनेबिलिटी' म्हणजे शाश्वत विकास या विषयात मास्टर्स करायचे आहे. घरचे म्हणतात एमपीएससी कर, नाहीतर एलएल.बी. कर, निदान बी.एड. तरी कर. तालुक्यातल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने तर सुनावले, "झाडे लावणे हे पोट भरलेल्यांचे काम आहे. आपले प्रश्न वेगळे आहेत." पोराने मला विचारले, "सर, हा विषय खरेच आपला नाही का?"

फोनवर धड उत्तर देता आले नाही, म्हणून हा लेख.

आधी एक कबूल करतो. तो ज्येष्ठ कार्यकर्ता उगाच बोललेला नाही. या देशात 'पर्यावरण' हा शब्द आपल्या वस्तीत आला तो बहुतेक वेळा नोटीस घेऊन. नाला स्वच्छ करायचा तर झोपडी हटवा, जंगल वाचवायचे तर पाडा उठवा. आणि 'शाश्वत' या शब्दाचेही आपले वाकडेच आहे. तथागतांनी शाश्वतवाद नाकारला, सर्व अनित्य आहे असे सांगितले. पण इथे शब्दाचा कीस पाडत बसायचे नाही. या अभ्यासक्रमात शिकवतात काय, तर पाणी, जमीन, वीज, कचरा, शेती, हवामान, आणि यातले कोणाच्या वाट्याला किती येते. आता सांगा, यातला कोणता प्रश्न आपला नाही?

प्रश्न आपला आहे, इतिहास मात्र दुसऱ्यांचा शिकवतात. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत जा की स्वीडनच्या लुंड विद्यापीठात, या विषयाची वंशावळ साधारण एकच सांगितली जाते. १९६२ साली रेचल कार्सन यांचे कीटकनाशकांवरचे पुस्तक, १९७२ ची स्टॉकहोम परिषद, १९८७ चा ब्रुंटलँड आयोगाचा अहवाल, १९९२ चे रिओ, २०१५ ची संयुक्त राष्ट्रांची १७ उद्दिष्टे. भारताचे नाव आले तर चिपको. ब्रुंटलँड अहवालाचे नावच 'आपले सामाईक भवितव्य' अशा अर्थाचे आहे. या 'आपले'मध्ये कोण कोण, हा प्रश्न मात्र आपल्या माणसांनी त्याच्या साठ वर्षे आधी विचारला होता.

महाडचे चवदार तळे कायद्याने सामाईकच होते ना? १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ साली महाड नगरपालिकेने तसा ठराव केला. कागदावर तळे सर्वांचे. प्रत्यक्षात गुरेढोरे पाणी पीत होती आणि माणसे नव्हती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो लोक तळ्यावर गेले, पाणी प्याले, आणि सवर्णांनी शेण-गोमूत्राने ते तळे 'शुद्ध' केले. पुढे खटला चालला तो १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागेपर्यंत. सामाईक संसाधन कागदावर सामाईक असणे आणि हातात ओंजळभर येणे यातले अंतर किती, ते मोजायला दहा वर्षे लागली. हा धडा शाश्वत विकासाच्या पहिल्या तासाला का नाही?

आता मुख्य गोष्टीकडे येतो, कारण आपल्यातल्याही फार थोड्यांना ती ठाऊक असते.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला त्यांनी व्हाइसरॉयला अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात शिक्षणाबद्दल त्यांनी काय मागितले? देशातल्या विद्यापीठांत विज्ञान आणि तंत्रज्ञान शिकणाऱ्या आपल्या मुलांसाठी वर्षाला २ लाख रुपये आणि त्याच विषयांसाठी परदेशी जाणाऱ्यांकरिता वर्षाला १ लाख रुपये. कारणही स्पष्ट लिहिले. नुसत्या कला आणि कायद्याच्या पदव्यांचा समाजाला फारसा उपयोग होणार नाही, प्रगत विज्ञान-तंत्रज्ञानाचे शिक्षण हवे. हे लिहिणारा माणूस स्वतः बॅरिस्टर आणि अर्थशास्त्राचा डॉक्टर होता, हे ध्यानात घ्या. पोराला एलएल.बी. करायला सांगणाऱ्या काकांना हे निवेदन वाचायला द्या. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासूनची, ती याच धडपडीतली. परदेशी शिष्यवृत्तीची केंद्राची योजना १९५४-५५ ची.

आणि नेमक्या याच काळात बाबासाहेब स्वतः काय करत होते? पाटबंधारे आणि वीज मजूर खात्याकडेच होती. १९४३ साली दामोदर नदीला महापूर आला. नेहमीप्रमाणे बांध घालून मोकळे व्हायचे, की एकाच नदीवर पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि जलवाहतूक यांचा एकत्र विचार करायचा? बाबासाहेबांच्या खात्याने दुसरा मार्ग धरला. ३ जानेवारी १९४५ ला कलकत्त्यात त्यांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली. ८ नोव्हेंबर १९४५ ला कटकच्या परिषदेत तर त्यांनी जुन्या पूर समित्यांचा विचारच उलटा केला. पाणी जास्त झाले म्हणजे संकट आले, ते समुद्रात लोटून द्या, ही समजूत चुकीची आहे, माणसाला पाण्याच्या अतिरेकापेक्षा तुटवड्याचाच त्रास जास्त होतो, म्हणून पाणी साठवा, असा त्यांचा मुद्दा होता. १९४४ चे केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ, १९४५ चा केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग (आजच्या केंद्रीय जल आयोगाचा पूर्वज) याच कारकिर्दीतले. त्याच्याही आधी, १९१८ साली, भारतातील लहान शेतजमिनींवरच्या निबंधात त्यांनी दाखवले होते की प्रश्न केवळ तुकड्याच्या आकाराचा नाही. शेतीत भांडवल अपुरे आणि हात रिकामे, यावर उपाय उद्योगीकरणाचा. म्हणजे जमीन, पाणी, वीज आणि रोजगार यांचा एकत्र हिशोब मांडणे, ज्याला आज शाश्वतता म्हणून फी घेऊन शिकवतात, ते काम आपल्या घरातले आहे.

इथे भक्तिभावाने थांबू नका. धरणांची दुसरी बाजूही वर्गात काढली जाईल आणि ती काढायलाच हवी. १९४६ ला बाबासाहेब त्या खात्यातून गेले, धरणे नंतर बांधली गेली आणि त्यात आदिवासी गावेच्या गावे उठली. डिसेंबर १९५९ मध्ये दामोदरवरच्या पंचेत धरणाचे उद्घाटन नेहरूंनी एका संथाळ मजूर मुलीच्या हातून करवले. तिने पाहुण्याला हार घातला म्हणून जमातीने तिला वाळीत टाकले आणि १९६२ ला महामंडळाने तिला कामावरूनही काढले. एका कळ दाबण्यात विकास आणि विस्थापन दोन्ही आले. हा इतिहास आपण मांडला नाही, तर कोणीतरी उपटसुंभ उठून 'आंबेडकर आदिवासींच्या विरोधात होते' असे मांडेल.

गायरानाचे तेच. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ ला आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, लाखो लोकांनी अटक करून घेतली. मागणी पडीक जमीन कसणाऱ्याला देण्याची. मराठवाड्यात लोकांनी दगडगोटे वेचून गायराने पिकाखाली आणली, मार खाल्ला, पिके जाळून घेतली. आता भाषा बदलली. गायरान म्हणजे गावाचे हिरवे फुफ्फुस, ते मोकळे ठेवा! २०११ च्या जगपाल सिंह निकालात सर्वोच्च न्यायालयाने गावची सामाईक जमीन वाचवायला सांगितले, पण भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना रीतसर दिलेल्या पट्ट्यांचा अपवादही त्याच निकालात आहे. २०२२ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने राज्यातल्या २ लाखांहून अधिक बांधकामांवर टांगती तलवार आली, तेव्हा हा अपवाद किती तहसीलदारांना माहीत होता? चराई, पाणलोट आणि भूमिहीनांची शेती एकत्र कशी बसते याचा नकाशा काढून देणारा माणूस आपल्या बाजूला बसलेला हवा. नुसत्या मोर्चाने हा नकाशा येत नाही.

कचऱ्याचेही पाहा. 'चक्राकार अर्थव्यवस्था' हा शब्द आज परिषदांत गाजतो. पुण्यात कचरावेचक बायांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत बांधली, २००८ पासून त्यांची 'स्वच्छ' सहकारी संस्था महापालिकेसोबत काम करते. यातल्या बहुसंख्य बाया दलित. चक्र त्यांच्या हातांनी फिरते, प्रबंध दुसरे लिहितात.

आता पैशाचे आणि डावाचे बोलू. केंद्राच्या परदेशी शिष्यवृत्तीत १२५ जागा. २०२२-२३ च्या नियमावलीत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक संशोधन हे विषय वगळले गेले. म्हणजे जातीवर संशोधन करायला परदेशी जायचे तर दार बंद. डाव कळला? पर्यावरण आणि शाश्वतता या विषयांचे दार तेवढे उघडे राहिले. मग त्याच दाराने आत जायचे. पाण्याचा अभ्यास करायचा आणि पाणवठ्यावर कोण उभा राहू शकत नाही ते आकडेवारीत दाखवायचे. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीच्या ७५ जागा आहेत, तिथेही अर्ज करावा. देशातच शिकायचे तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहेच. जातीचे आणि उत्पन्नाचे दाखले आधी काढून ठेवा, शेवटच्या आठवड्यात सेतू केंद्राचे सर्व्हर हमखास बंद असते.

त्या पोराच्या घरची साडेतीन एकर गायरान जमीन आहे. आजीने कसायला घेतलेली, सातबारावर अजून नाव नाही. अर्जासोबतच्या उद्देशपत्रात तेच लिही, असे त्याला सांगितले. पहिला मसुदा परवा आला. त्यात कार्बन फूटप्रिंट होते, ग्रेटा थुनबर्ग होती, आजी नव्हती. परत पाठवला आहे.