मंचुरियनचे जन्मगाव

१/ धाराशिवात सायंकाळी चायनीजच्या गाड्यांवर कढया तापू लागतात. नूडल्स, मोमो, मंचुरियन हे सारे पदार्थ खाणाऱ्याला चीनचेच वाटतात. मंचुरियनचा जन्म मात्र मुंबईचा.

२/ मुंबईतील चिनी वस्ती जुनी आहे. माझगावातील सी यप कून हे मंदिर १९१९ चे. दक्षिण चीनमधून समुद्रमार्गे आलेल्या कुटुंबांचे ते श्रद्धास्थान.

३/ १९६२ च्या युद्धाने भारतातील चिनी वंशाची माणसे संशयित ठरली. देशातील अशा सुमारे ३,००० जणांना, स्त्रिया आणि मुलांसह, राजस्थानातील देवली येथील छावणीत खटल्याविना डांबण्यात आले. सुटकेनंतर अनेकांनी देश सोडला.

४/ जे राहिले, त्यांच्यापैकीच एक कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वँग. १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात त्यांनी आले, लसूण आणि हिरवी मिरची परतली; गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला आणि त्यात तळलेले चिकन सोडले. मंचुरियनचे श्रेय त्यांना दिले जाते.

५/ पुढे चिकनच्या जागी कोबीचे गोळे आले आणि मंचुरियन तालुक्याच्या बाजारापर्यंत पोहोचले. ज्या समाजाला या देशाने १३ वर्षांपूर्वी परके ठरवले होते, त्याच समाजातील एका आचाऱ्याचा हा पदार्थ देशाने बिनतक्रार आपला मानला.