हुकणाऱ्या किकरला शिकवावे कोणी?

२२ फेब्रुवारी २०२५ रोजी लंडनच्या ट्विकनहॅम येथील मैदानावर स्कॉटलंडने इंग्लंडविरुद्ध तीन ट्राय केले. इंग्लंडला एकच साधला. तरीही सामना इंग्लंडने १६-१५ असा जिंकला. रग्बी युनियनमध्ये चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेऊन जमिनीस टेकवला की ट्राय होतो आणि पाच गुण मिळतात. त्यानंतर ट्राय जेथे झाला त्याच्या समोरच्या सरळ रेषेत मागे येऊन चेंडू दोन खांबांमधून, आडव्या दांडीच्या वरून धाडता आला तर आणखी दोन गुण मिळतात. त्यास कन्व्हर्जन म्हणतात. स्कॉटलंडचा फिन रसेल हा आपल्या पिढीतील उत्तम फ्लाय-हाफांपैकी एक मानला जातो. त्या दिवशी त्याची तिन्ही कन्व्हर्जन हुकली. शेवटचे अखेरच्या मिनिटांत, मैदानाच्या कडेलगतच्या अवघड कोनातून होते. ते साधले असते तर स्कॉटलंड १७-१६ असा जिंकला असता. इंग्लंडच्या सोळापैकी अकरा गुण मात्र किकमधूनच आले होते.

ज्या चषकासाठी हा सामना होता त्याचे नाव कलकत्ता कप. कलकत्त्यातील इंग्रजांचा फुटबॉल क्लब बंद पडला तेव्हा त्याच्या बँकेतील शिलकीचे चांदीचे रुपये वितळवून हा चषक घडवण्यात आला. त्याच्या मुठी नागाच्या आकाराच्या आहेत आणि झाकणावर हत्ती आहे. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड त्यासाठी खेळत आले आहेत. भारतीय रुपयांपासून घडलेल्या या चषकाचा निकाल त्या दिवशी एका माणसाच्या पायावर ठरला.

किकरचे काम सांघिक खेळात असूनही एकट्याचे आहे. इतरांच्या चुका धक्काबुक्कीत लपून जातात, त्याची चूक हजारो लोक श्वास रोखून पाहतात. खांबांमधील अंतर ५.६ मीटर, दांडीची उंची ३ मीटर आणि किक घेण्यास आता ६० सेकंद. एवढ्या आखीव कामात एखादा चांगला खेळाडू अचानक चुकू लागला, तर त्याला सावरायचे कोणी? त्याच जागी उभ्या राहिलेल्या माजी खेळाडूने, की तंत्र आणि मन यांचा स्वतंत्र अभ्यास केलेल्या प्रशिक्षकाने? ब्रिटनमध्ये दोन्ही प्रकारचे प्रयोग गेल्या तीस-पस्तीस वर्षांत झाले आहेत. त्यांकडे पाहता असे दिसते की माजी खेळाडूचा उपयोग निश्चित होतो, परंतु त्याची निवड त्याने किती गुण मिळवले यावरून केली जाते आणि तेथेच गल्लत होते.

<b>ॲलरेड यांची शाळा</b>

या क्षेत्रातील सर्वांत प्रभावी प्रशिक्षक डेव्ह ॲलरेड हे इंग्लंडकडून एकदाही खेळले नाहीत. ब्रिस्टल आणि बाथ या क्लबांकडून रग्बी युनियन, शेफील्ड ईगल्सकडून रग्बी लीग आणि अमेरिकेत मिनेसोटा व्हायकिंग्ज संघात किकर म्हणून काही काळ, अशी त्यांची खेळाडू म्हणून वाटचाल झाली. पुढे लफबरो विद्यापीठातून त्यांनी दडपणाखालील कामगिरी या विषयावर पीएच. डी. मिळवली. म्हणजे ते माजी खेळाडू होते खरे, परंतु त्यांचे नाव झाले ते शिकवण्यामुळे. इंग्लंडचा फ्लाय-हाफ रॉब अँड्र्यू त्यांच्याकडे आला आणि अँड्र्यूमुळे न्यूकॅसल क्लबात आलेला जॉनी विल्किन्सन तर त्यांचा आयुष्यभराचा शिष्य ठरला.

ॲलरेड यांचे सांगणे वरकरणी साधे होते. पाय चेंडूभोवती गोल फिरू न देता किक मारल्यानंतरही शरीराचा जोर लक्ष्याच्या दिशेनेच जात राहिला पाहिजे. चेंडूशी गाठ पायाच्या वरच्या कठीण हाडाची पडली पाहिजे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दोन खांबांमधली मोकळी जागा हे लक्ष्यच नव्हे, असे ते मानत. लक्ष्य जितके मोठे तितके मन सैल होते. म्हणून विल्किन्सनसाठी खांबांमागच्या प्रेक्षकांत डोरिस नावाची एक काल्पनिक बाई बसवण्यात आली. तिच्या हातात पेयाचा डबा असे आणि चेंडू नेमका त्यावर आदळला पाहिजे. ही युक्ती बालिश वाटेल. परंतु ऐंशी हजार लोकांच्या गोंगाटात मन गुंतवायला एवढीशी जागा पुरते. पुढे हीच पद्धत ॲलरेड यांनी ल्यूक डोनाल्ड आणि फ्रान्सेस्को मोलिनारी यांच्यासारख्या गोल्फपटूंसाठी वापरली, यावरून ती केवळ रग्बीपुरती नव्हती हे उघड आहे.

मराठी वाचकाला यात काही नवल वाटू नये. रमाकांत आचरेकर यांच्या नावावर प्रथम श्रेणीचा एकच सामना आहे. शिवाजी पार्कवर त्यांच्यासमोर फलंदाजी केलेल्या मुलांपैकी कोणीही त्यासाठी त्यांचा अधिकार कमी मानला नाही.

२२ नोव्हेंबर २००३ रोजी सिडनी येथे विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जादा वेळेच्या शेवटच्या क्षणी विल्किन्सनने ड्रॉप गोल केला आणि इंग्लंडने ऑस्ट्रेलियाला २०-१७ असे हरवले. तो डावखुरा, ही किक त्याने उजव्या पायाने मारली. त्याच सामन्यात त्याचे आधीचे तीन ड्रॉप गोल हुकले होते, ही गोष्ट त्या छायाचित्राच्या कौतुकात सहसा मागे पडते. तीनदा हुकल्यावर चौथ्यांदा तीच किक, तीही कमी वापरातल्या पायाने, मागण्याचे धैर्य त्याच्यात आले ते वर्षानुवर्षांच्या सरावातून.

<b>डर्बनचे दोन किकर</b>

वेल्सचा नील जेन्किन्स हा दुसऱ्या प्रकारचा शिक्षक. बॅरी जॉन, फिल बेनेट यांच्या चपळ परंपरेत तो बसत नाही, अशी टीका त्याच्यावर सातत्याने होत असे. त्याला धावता येत नाही, त्याला फक्त किक मारता येते, असे म्हटले जाई. त्या ‘फक्त’मधून त्याने आंतरराष्ट्रीय सामन्यांत हजारहून अधिक गुण मिळवले आणि तसे करणारा तो जगातील पहिला खेळाडू ठरला.

२८ जून १९९७ रोजी डर्बन येथे ब्रिटिश आणि आयरिश लायन्स व दक्षिण आफ्रिका यांच्यात झालेला सामना या विषयासाठी पाठ्यपुस्तकासारखा आहे. दक्षिण आफ्रिकेने तीन ट्राय केले, लायन्सने एकही नाही. जेन्किन्सने पाच पेनल्टी साधल्या, जेरेमी गस्कॉटने एक ड्रॉप गोल केला आणि लायन्स १८-१५ असे जिंकले. यजमानांच्या सर्व किक हुकल्या होत्या. लायन्सच्या किकरांना शिकवण्यासाठी त्या दौऱ्यावर ॲलरेड होते. हुकणाऱ्यांमध्ये त्या दिवशी पदार्पण करणारा पर्सी माँटगोमेरी होता. तोच पुढे दक्षिण आफ्रिकेकडून सर्वाधिक गुण मिळवणारा खेळाडू झाला, २००७ चा विश्वचषक जिंकला आणि निवृत्तीनंतर राष्ट्रीय संघाच्या किकरांचा प्रशिक्षक झाला. जेन्किन्सनेही वेल्स आणि लायन्स यांच्याकडे तेच काम स्वीकारले. एकाच सामन्यातला सर्वांत अचूक आणि सर्वांत दुर्दैवी, असे दोघेही शिक्षक झाले. यांतील अधिक चांगला कोण, हे गुणफलकावरून सांगता येत नाही.

जेन्किन्सच्या हाताखालच्या किकरांत ली हाफपेनी होता. २०११ च्या विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात फ्रान्सविरुद्ध वेल्स एका गुणाने मागे असताना अखेरच्या मिनिटांत त्याने मध्यरेषेजवळून पेनल्टी घेतली. चेंडू दिशेला होता, परंतु दांडीच्या किंचित खालून गेला आणि वेल्स ८-९ असा हरला. दोन वर्षांनी ऑस्ट्रेलियात लायन्सच्या दुसऱ्या कसोटीत पुन्हा तेच घडले: तेवढेच अंतर, शेवटचा क्षण, चेंडू अपुरा, एका गुणाने हार. पुढच्याच आठवड्यात सिडनीच्या तिसऱ्या कसोटीत हाफपेनीने २१ गुण मिळवले आणि लायन्सनी मालिका जिंकली. त्या सात दिवसांत त्याचे तंत्र बदलणे शक्यच नव्हते. अशा वेळी जवळ असा माणूस लागतो, ज्याला ‘अंतर पायाच्या ताकदीबाहेर होते’ आणि ‘किक चुकली’ यांतला फरक स्वानुभवाने माहीत आहे आणि जो पहिल्यासाठी दुसऱ्याचा उपचार करत नाही. माजी खेळाडूचा खरा उपयोग येथे आहे.

<b>ध्यासाची किंमत</b>

विल्किन्सनची गोष्ट मात्र २००३ मध्ये संपत नाही. ठरावीक किक सलग अचूक बसल्याशिवाय मैदान सोडायचे नाही, हा त्याचा नेम प्रसिद्ध होता. एक चुकली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. विश्वचषकानंतरची अनेक वर्षे दुखापतींत गेली. चिंता आणि नैराश्य यांविषयी तो पुढे जाहीरपणे बोलू लागला आणि त्या अतिसरावाचा हिशेबही त्याने स्वतःच मांडला. एडी जोन्स मुख्य प्रशिक्षक असताना तो इंग्लंडच्या किकरांचा सल्लागार म्हणून आला. तेव्हा प्रश्न असा होता की त्याने शिष्यांना काय द्यावे: स्वतःची पद्धत, की त्या पद्धतीपासून सावध राहण्याचा सल्ला? माजी खेळाडूकडून शिकण्यातला धोका हाच आहे. तो आपल्या सवयींबरोबर आपली भीतीही देऊन जातो आणि ऐकणारा अडचणीत असेल तर दोन्ही सारख्याच श्रद्धेने घेतो.

ओवेन फॅरेलने ७ ऑक्टोबर २०२३ रोजी विश्वचषकात सामोआविरुद्ध विल्किन्सनचा इंग्लंडकडून सर्वाधिक गुणांचा विक्रम मोडला. त्याच सामन्यात पेनल्टी घेताना तो इतका गढून गेला की ६० सेकंद उलटले आणि किक बाद ठरली. इंग्लंड १८-१७ असे कसेबसे निसटले. सावकाशीचा धडा त्याने फारच मनावर घेतला होता, असे म्हणावेसे वाटते.

जॉर्ज फोर्डचे उदाहरण याच मालिकेतले. सप्टेंबर २०२३ मध्ये चौदा खेळाडूंवर आलेल्या इंग्लंडसाठी त्याने अर्जेंटिनाविरुद्ध संघाचे सर्व २७ गुण एकट्याने मिळवले. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध बदली खेळाडू म्हणून आल्यावर त्याची एक पेनल्टी खांबाला लागली, अखेरचा ड्रॉप गोलही हुकला आणि सामना दोन गुणांनी गेला. माणूस तोच, पाय तोच. तोपर्यंत इंग्लंडच्या किकिंगची जबाबदारी केव्हिन सिनफील्ड यांच्याकडे आली होती. ते रग्बी लीगमधील लीड्स ऱ्हायनोज संघाचे विक्रमी गुणवीर. ते दुसऱ्या प्रकारच्या रग्बीतून आले, हा काहींना उणेपणा वाटला. वास्तविक त्यामुळे आपलीच जुनी पद्धत शिष्यांवर लादण्याचा मोह कमी होतो, ही जमेची बाजू आहे.

<b>अकरा मीटरवरून</b>

फुटबॉलमध्ये हाच वाद पेनल्टी शूटआउटभोवती फिरतो आणि तेथे माजी खेळाडूंची कामगिरी दोन्ही टोकांची आहे. ग्लेन हॉडल हे इंग्लंडच्या इतिहासातील अत्यंत देखण्या किकसाठी ओळखले जाणारे मध्यरक्षक. १९९८ च्या विश्वचषकात ते प्रशिक्षक होते. शूटआउटचे दडपण सरावात निर्माण करता येत नाही, म्हणून त्याचा सराव व्यर्थ आहे, असे त्यांचे मत होते. अर्जेंटिनाविरुद्ध निर्णायक किक डेव्हिड बॅटीकडे आली. त्याने व्यावसायिक सामन्यात त्यापूर्वी पेनल्टी घेतलेलीच नव्हती. ती अडवली गेली. ज्याला एखादी गोष्ट सहज येते त्याला ती शिकवावी लागते हेच अनेकदा उमगत नाही, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे शोधून सापडणार नाही.

त्याआधी दोन वर्षांपूर्वी, २६ जून १९९६ रोजी, वेम्बलीवर जर्मनीविरुद्ध युरो स्पर्धेच्या उपान्त्य सामन्यात गॅरेथ साउथगेटची पेनल्टी अडवली गेली होती. कारकिर्दीत त्याने त्याआधी एकच पेनल्टी घेतली होती आणि तीही हुकली होती. हाच साउथगेट पुढे इंग्लंडचा मुख्य प्रशिक्षक झाला तेव्हा इंग्लंडने सातपैकी सहा शूटआउट गमावले होते. त्यांनी स्वतःच्या आठवणींवर विसंबून काम केले नाही. दडपणाखालील पेनल्टीचा अभ्यास करणारे नॉर्वेचे संशोधक गेअर योर्डेट यांनी दाखवले होते की इंग्लंडचे खेळाडू शिट्टी वाजताच इतर देशांच्या खेळाडूंपेक्षा घाईने किक घेतात; जणू तो क्षण एकदाचा संपवायचा असतो. साउथगेट यांच्या संघाने घाई टाळण्याचा, मध्यवर्तुळापासून चेंडूपर्यंतच्या एकाकी चालण्याचा, किकरांचा क्रम आधी ठरवण्याचा सराव केला. ३ जुलै २०१८ रोजी मॉस्कोत कोलंबियाविरुद्ध इंग्लंडने विश्वचषकातील आपला पहिला शूटआउट जिंकला.

११ जुलै २०२१ रोजी मात्र युरोच्या अंतिम सामन्यात इटलीविरुद्ध मार्कस रॅशफर्ड, जेडन सँचो आणि १९ वर्षांचा बुकायो साका यांच्या पेनल्टी हुकल्या. रॅशफर्ड आणि सँचो यांना केवळ त्यासाठी अखेरच्या क्षणी मैदानात उतरवले होते. निवड आपली होती, असे साउथगेट यांनी तेव्हाच सांगितले. तिघांनाही समाजमाध्यमांवर वर्णद्वेषी शिव्या ऐकाव्या लागल्या. किक हुकण्याची किंमत सर्वांना सारखी मोजावी लागत नाही, ही गोष्ट ब्रिटनमधील भारतीय वाचकांना वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. आणि ती किंमत स्वतः न मोजलेला माजी खेळाडू, कितीही गुण मिळवलेला असो, अशा तरुणाला त्या बाबतीत फारसे काही शिकवू शकत नाही.

साउथगेट यांना त्यातला निदान अर्धा भाग ठाऊक होता. १९९६ नंतर त्या एका किकवरून त्यांची वर्षानुवर्षे थट्टा झाली होती. साका संघात राहिला. ६ जुलै २०२४ रोजी ड्युसेलडॉर्फ येथे स्वित्झर्लंडविरुद्ध युरोचा उपान्त्यपूर्व सामना पुन्हा शूटआउटपर्यंत गेला. इंग्लंडचा गोलरक्षक जॉर्डन पिकफर्ड याच्या पाण्याच्या बाटलीवर प्रतिस्पर्धी किकरांच्या सवयी लिहिलेल्या होत्या. पहिल्याच किकला त्याने मॅन्युएल अकांजीचा चेंडू अडवला. इंग्लंडच्या पाचही किक जाळ्यात गेल्या. त्यांतली तिसरी साकाची होती.