साउथ शोरची बँक

शिकागोच्या साउथ शोर वस्तीत कृष्णवर्णीय कुटुंबे येऊ लागली तशी श्वेतवर्णीय कुटुंबे निघून गेली, आणि त्यांच्यामागून भांडवलही. 1930 च्या दशकातील सरकारी नकाशांनी कृष्णवर्णीय वस्त्या लाल रंगाने धोक्याच्या ठरवल्या होत्या. कर्ज नाकारायचे, मग घरे मोडकळीला आली की तेच नकाराचे समर्थन मानायचे, हे चक्र तिथूनचे. वस्तीतली बँकही शहराच्या मध्यभागी जायला निघाली, पण सरकारी परवानगी मिळाली नाही. 1973 मध्ये रॉन ग्रझिविन्स्की, मिल्टन डेव्हिस, जेम्स फ्लेचर आणि मेरी हॉटन यांनी ती विकत घेतली. बाहेरच्या, सामाजिक भान असलेल्या ठेवीदारांचा पैसा त्यांनी वस्तीत आणला आणि जुन्या चाळवजा इमारती दुरुस्त करू पाहणाऱ्या स्थानिक छोट्या मालकांना कर्जे दिली. भीक नव्हे, व्याजासह परतफेडीचे कर्ज. माझ्या मते या प्रयोगाचा खरा मोठेपणा इथेच आहे.

ही बँक, पुढची शोरबँक, 2010 मध्ये बुडाली, म्हणून समाजहित आणि बँकिंग एकत्र नांदत नाहीत, असे म्हटले जाते. पण त्या एकाच वर्षी अमेरिकेत 157 बँका बुडाल्या. मंदीचा घाव तिच्या वस्त्यांवर अधिक खोल होता, आणि एकाच भागात एकवटलेली कर्जे हा तिचा दोषही होता. तरी त्याआधी तीन दशकांहून अधिक काळ तिने नाकारलेल्या वस्तीत कर्ज देऊन ते वसूल केले होते. 1994 च्या सामुदायिक वित्तसंस्थांच्या केंद्रीय निधीमागे तिच्या अनुभवाचीही प्रेरणा होती.