पन्नास पानांसाठी चीज-बटाटा

मुळशी तालुक्यातील लवासा येथे कौटुंबिक स्नेहसंमेलन, मित्रमंडळींची सहल अथवा कार्यालयीन शिबिर भरवताना जेवणाचा प्रश्न पहिल्याच बैठकीत निघतो. पुण्याहून पिरंगुट आणि टेमघरमार्गे सुमारे साठ किलोमीटरचा घाटरस्ता पार करून मोसे नदीवरील वरसगाव धरणाच्या जलाशयाकाठी पोहोचल्यावर विसरलेली वस्तू आणण्यासाठी माघारी जाणे सोपे नसते. नियोजित नगराचे काम पर्यावरण मंत्रालयाने नोव्हेंबर २०१० मध्ये थांबवले होते. पुढे २०११ मध्ये सशर्त मंजुरी मिळाली, मात्र २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली आणि नगर अपुरेच राहिले. मोठ्या मंडईचा आधार येथे नाही. त्यामुळे थोड्या जिनसांत होणारा, लहानथोरांना रुचणारा आणि एका भांड्यातून वाढता येणारा पदार्थ उपयोगी पडतो. व्हाइट सॉसमध्ये भाजलेला चीज-बटाटा हा असाच पदार्थ होय.

पूर्वपीठिका

बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीतला. पोर्तुगीजांबरोबर तो पश्चिम किनाऱ्यावर आला आणि मराठीत त्याचे पोर्तुगीज नावच रुळले. दुधा-सायीत बटाट्याच्या चकत्या भाजण्याची रीत फ्रान्सची. तेथील ‘ग्रातँ दोफिन्वा’ या पदार्थाचा पहिला ज्ञात उल्लेख १७८८ मधील, गॅप शहरातील अधिकाऱ्यांना दिलेल्या मेजवानीचा आहे. म्हणजे आरंभापासून हा पंगतीचाच पदार्थ ठरतो. अमेरिकेच्या युटा राज्यात अंत्यविधीनंतर जमलेल्या नातलगांसाठी शेजारी असाच पदार्थ करून आणतात. त्यामुळे त्याला ‘फ्युनरल पोटॅटोज’ असे नाव पडले. महाराष्ट्रातील शहरी घरांत तो ‘बेक डिश’ म्हणून परिचित झाला.

बटाटा कोणता?

पुणे जिल्हा बटाट्यासाठी प्रसिद्ध आहे. आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठारावर खरिपात, पावसाच्या पाण्यावर बटाटा घेतला जातो. खेड तालुक्यातील राजगुरुनगर येथे पूर्वी केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेचे केंद्र होते, तर चाकणची बाजारपेठ कांदा-बटाट्यासाठी सर्वदूर ठाऊक आहे. पुणेकरांना गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गोणीने माल मिळतो.

खरेदी करताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, आकार. मध्यम व सारख्या आकाराचे बटाटे एकाच वेळी शिजतात. दुसरी, साल. हिरवट झालेल्या व कोंब फुटलेल्या बटाट्यात सोलानिन हे विषारी द्रव्य वाढलेले असते आणि ते उकळल्याने नष्ट होत नाही, म्हणून असे बटाटे बाजूला काढावेत. तिसरी, साठवण. शीतगृहातील थंडीत बटाट्यातील पिष्टाचे साखरेत रूपांतर होते. असा बटाटा गोडसर लागतो आणि भाजताना लवकर काळपटतो. गोणी फ्रिजमध्ये न ठेवता थंड, अंधाऱ्या आणि हवेशीर जागी ठेवावी.

चीजचे गणित

बाजारातील प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये पायसीकारक क्षार असतात, म्हणून ते सॉसमध्ये एकजीव विरघळते. मोझरेला गरम पाण्यात ताणून तयार केलेले असल्याने त्याला तार सुटते आणि वरचा थर खरपूस होतो. केवळ मोझरेला सॉसमध्ये घातल्यास गोळे होतात. उलट वर केवळ प्रक्रिया केलेले चीज किसले, तर तार येत नाही. यास्तव आत एक आणि वर दुसरे, हीच योजना योग्य. चीज विरजताना वापरलेले रेनेट प्राणिजन्य नसल्याची खात्री वेष्टनावरील हिरव्या खुणेवरून करावी.

पन्नास पानांचे साहित्य

सोबत पोळी, भात अथवा पाव असेल, असे गृहीत धरून हे प्रमाण दिले आहे. हाच मुख्य पदार्थ असल्यास सर्व जिन्नस दीडपट घ्यावेत.

• बटाटे ६ किलो
• दूध साडेतीन लिटर
• लोणी २५० ग्रॅम, मैदा २५० ग्रॅम
• प्रक्रिया केलेले चीज १ किलो, मोझरेला ७५० ग्रॅम
• कांदे १ किलो, ढोबळी मिरची ७५० ग्रॅम, मक्याचे दाणे ७५० ग्रॅम
• लसूण १०० ग्रॅम, हिरवी मिरची ५० ग्रॅम
• भरडलेली मिरी २० ग्रॅम, जायफळ एक, मीठ बेताने
• वरून पेरण्यासाठी पावाचा चुरा ३०० ग्रॅम

कृती

बटाटे स्वच्छ धुऊन सालीसकट, मिठाच्या पाण्यात दोन-तीन घाण्यांत उकडावेत. सुरी सहज आत जावी, पण बटाटा फुटू नये. पूर्ण गार झाल्यावर सोलून बोटभर जाडीच्या चकत्या कराव्यात. गरम असताना कापल्यास चकत्यांचा लगदा होतो.

थोड्या लोण्यावर लसूण, कांदा व हिरवी मिरची परतून घ्यावी. ढोबळी मिरची आणि मका घालून पाणी पूर्ण आटवावे. भाज्यांतले पाणी राहिले की सॉस पातळ होऊन बटाटे त्यात तरंगू लागतात.

जाड बुडाच्या पातेल्यात उरलेले लोणी वितळवून मंद आचेवर मैदा तीन-चार मिनिटे भाजावा. कच्चा वास जावा, मात्र रंग बदलू नये. कोमट दूध थोडे थोडे ओतत रवीने घोटत राहावे. एवढ्या प्रमाणात सॉस तळाशी लागण्याचा धोका मोठा असतो, म्हणून एका व्यक्तीने पातेल्यापासून हलू नये. उकळी येऊन सॉस पळीला चिकटू लागला की आच बंद करावी. पाचेक मिनिटांनी किसलेले चीज, मिरी व जायफळपूड घालावी. उकळत्या सॉसमध्ये चीज घातल्यास त्यातील प्रथिने आकसतात आणि तूप सुटते. चीज खारट असते, त्यामुळे मीठ अगदी शेवटी, चव पाहूनच घालावे.

ट्रेला लोण्याचा हात फिरवून बटाटा, भाजी, सॉस असे दोन थर द्यावेत. वर मोझरेला व पावाचा चुरा पसरावा. थराची एकूण उंची दोन इंचांहून अधिक नसावी. २०० अंश सेल्सिअसवर २५ ते ३० मिनिटांत वरचा थर सोनेरी होतो. बाहेर काढल्यावर दहा मिनिटे थांबावे, म्हणजे सॉस बसतो आणि तुकडे नीट निघतात.

प्रमाण वाढवताना होणाऱ्या चुका

चार जणांची कृती साडेबारा पटीने गुणली की काम झाले, असा अनेकांचा समज असतो. तो खरा नाही. मोठ्या पातेल्यात बाष्पीभवन तुलनेने कमी होते, म्हणून दूध थोडे कमीच घ्यावे. तिखट व मिरी आधी तीन चतुर्थांश घालून चव पाहावी. भाजण्याचा वेळ माणसांच्या संख्येवर नसून थराच्या जाडीवर अवलंबून असतो. खोल ट्रे भरला, तर वरून करपते आणि आत गारच राहते.

भट्टी नसेल तर

घरगुती ओव्हनमध्ये एका वेळी जेमतेम आठ-दहा जणांचे होते. पन्नास जणांसाठी पाच-सहा घाणे काढावे लागतात, म्हणजे तीन तास हाताशी हवेत. वीज गेल्यास पर्याय म्हणून जाड पातेल्यात तळाशी वाळू पसरावी, त्यावर तिवई व ट्रे ठेवून झाकण लावावे आणि झाकणावर निखारे ठेवावेत. दिवाळीपूर्वी नानकटाईचे डबे बेकरीच्या भट्टीत भाजून आणण्याची रीत पुण्यात जुनी आहे. कार्यक्रम शहरातच असेल, तर तीच युक्ती येथेही चालते.

घाट आणि घड्याळ

या पदार्थातील सर्वांत गंभीर जोखीम चवीची नसून नासण्याची आहे. दूध, चीज आणि उकडलेला बटाटा यांवर जिवाणू झपाट्याने वाढतात. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा पट्टा त्यांना पोषक असतो. पुण्यात पहाटे तयार केलेला कोमट ट्रे डिकीत ठेवून घाट चढणे आणि दुपारी दोनला वाढणे, हे पन्नास जणांच्या पोटाशी खेळणे होय. दूध व चीज बर्फाच्या पेटीत न्यावे, बटाटे कच्चेच न्यावेत आणि सॉस मुक्कामी करावा. आदल्या रात्री तयारी करायची असल्यास उथळ भांड्यांत लवकर गार करून फ्रिजमध्ये ठेवावी आणि वाढण्यापूर्वी मध्यभागापर्यंत कडकडीत गरम करावी. उरलेले दुसऱ्या दिवशीच्या न्याहारीसाठी टेबलावर ठेवू नये.

पावसाळ्यात हे नियोजन अधिक काटेकोर हवे. जुलै २०२४ मध्ये लवासा येथे दरड कोसळून बंगल्यांची हानी झाली होती. निघण्यापूर्वी रस्त्याची चौकशी करावी आणि वीज नसली तरी चालेल असा गॅस, निखारे व कोरडा शिधा सोबत ठेवावा.

वेळापत्रक

दुपारी एकची पंगत धरल्यास सकाळी सातला बटाटे उकडायला ठेवावेत. साडेआठला सोलणे-कापणे, सव्वानऊला भाज्या व सॉस, दहाला पहिला ट्रे ओव्हनमध्ये. भाजून झालेले ट्रे झाकून, मंद आचेच्या गरम पाण्यावर ठेवावेत, म्हणजे शेवटच्या पानालाही पहिल्या पानाइतकाच वाफाळता घास मिळेल. बटाटा वर्ज्य असणाऱ्या जैन पाहुण्यांसाठी कच्च्या केळ्याचा, कांदा-लसूण नसलेला छोटा ट्रे वेगळा काढावा. त्याचे पातेले, पळी व सुरीही वेगळी असावी.